कॅज्युअल्टीतला डॉक्टर आणि वॉर्डातला डॉक्टर एकच असेल तर? अमेरिकेतील संयुक्त प्रशिक्षण आणि आपण

रात्री घरातल्या वयस्कर माणसाला अचानक दम लागला, की आपण त्यांना जवळच्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत नेतो. तिथे एक डॉक्टर तपासतात, ऑक्सिजन लावतात, ईसीजी काढतात. मग ‘फिजिशियन सर येऊन बघतील’ असे सांगितले जाते. पेशंट वॉर्डात किंवा आयसीयूत गेला की पुढचे डॉक्टर वेगळे असतात. नातेवाईक माझ्याकडे फाइल घेऊन येतात तेव्हा हमखास विचारतात, “डॉक्टर, आधी बघणारे एक, नंतर बघणारे दुसरे. मग आमची जबाबदारी नक्की कोणाची?”

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत त्यावर एक वेगळे उत्तर शोधले गेले आहे. तिथे काही मोजक्या रुग्णालयांत इमर्जन्सी मेडिसिन आणि इंटर्नल मेडिसिन या दोन्ही शाखांचे एकत्रित प्रशिक्षण दिले जाते. एकच डॉक्टर दोन्ही विषयांत पूर्ण तयार होतो. हे प्रशिक्षण काय असते, सध्या त्याची चर्चा का आहे आणि तुमच्या-आमच्या घरातल्या पेशंटला त्यातून काय शिकता येईल, ते या लेखात पाहू.

दोन शाखा, दोन प्रकारचा विचार

इंटर्नल मेडिसिन म्हणजे आपल्याकडची ‘जनरल मेडिसिन’. ती शिकलेल्या डॉक्टरला आपण एमडी मेडिसिन किंवा फिजिशियन म्हणतो. मधुमेह, रक्तदाब, हृदय, मूत्रपिंड, फुप्फुस, ताप अशा प्रौढांच्या आजारांचे निदान आणि दीर्घकाळचे उपचार हे त्यांचे काम.

इमर्जन्सी मेडिसिन ही त्या मानाने तरुण शाखा आहे. अमेरिकेत तिला स्वतंत्र विशेष शाखा म्हणून १९७९ मध्ये मान्यता मिळाली. त्याआधी तिथेही कॅज्युअल्टीत ज्याची पाळी असेल तो डॉक्टर बसत असे, मग तो कोणत्याही विषयाचा असो. अपघात, हृदयविकाराचा झटका, विषबाधा, लहान मुलाचे आकडी येणे, बाळंतपणातली गुंतागुंत असे समोर येईल ते पहिल्या काही मिनिटांत सांभाळणे, हे या डॉक्टरांचे काम.

दोघांच्या विचारातला फरक एका उदाहरणाने समजून घ्या. समजा अडुसष्ट वर्षांच्या आजोबांना मधुमेह आणि रक्तदाब आहे. रात्री त्यांना झोपता येईना इतका दम लागला. इमर्जन्सी डॉक्टरच्या मनात पहिला प्रश्न येतो, ‘पुढच्या तासाभरात यांच्या जिवाला कशाने धोका आहे?’ हृदयविकाराचा झटका आहे का, फुप्फुसात पाणी साठले आहे का, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी आहे का, हे ते झटपट पाहतात. ऑक्सिजन किंवा मास्कमधून श्वासाला आधार देणारे यंत्र, लघवीवाटे पाणी काढणारे इंजेक्शन, असे उपचार लगेच सुरू होतात.

फिजिशियनचा प्रश्न वेगळा असतो, ‘हे आजच का झाले? आणि पुढच्या महिन्यात पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचे?’ नीट विचारपूस केल्यावर कळते की आजोबा गुडघेदुखीसाठी दोन आठवडे दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून रोज घेत होते. या प्रकारच्या बऱ्याच गोळ्यांमुळे शरीरात मीठ-पाणी साठते, रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. ती गोळी बंद झाली नाही, तर आज बरे होऊन घरी गेलेले आजोबा काही दिवसांनी पुन्हा त्याच खाटेवर दिसतील.

दोन्ही प्रश्न तितकेच महत्त्वाचे आहेत. पहिला सुटला नाही तर पेशंट रात्र काढत नाही. दुसरा सुटला नाही तर आजार परत येतो. अडचण अशी की ही दोन माणसे, दोन खोल्या आणि दोन पाळ्या यांच्या मधल्या जागेत माहिती गळते. गुडघ्याच्या गोळीची गोष्ट कॅज्युअल्टीत सांगितलेली असते, पण ती वॉर्डाच्या कागदावर उतरत नाही.

अमेरिकेतले प्रशिक्षण कसे असते?

तिथे वैद्यकीय पदवीनंतर विशेष शाखेचे निवासी प्रशिक्षण घ्यावे लागते. इंटर्नल मेडिसिनचे प्रशिक्षण तीन वर्षांचे असते. इमर्जन्सी मेडिसिनचे तीन किंवा चार वर्षांचे. दोन्ही वेगवेगळे केले तर सहा-सात वर्षे जातात. संयुक्त प्रशिक्षण मात्र पाच वर्षांचे असते. दोन्ही शाखांना प्रत्येकी अडीच वर्षे मिळतात. जे भाग दोन्हींत सामाईक आहेत, उदाहरणार्थ आयसीयूतले काम, ते दोन्हीकडे धरले जातात आणि त्यामुळे वेळ वाचतो.

या पाच वर्षांत डॉक्टर काही महिने इमर्जन्सी विभागात काम करतो, मग काही महिने वॉर्ड, आयसीयू आणि ओपीडीत. हे चक्र शेवटपर्यंत चालते. प्रशिक्षण संपल्यावर तो दोन्ही शाखांच्या मंडळांच्या परीक्षा देऊ शकतो. म्हणजे त्याला अर्धा इमर्जन्सी आणि अर्धा मेडिसिनचा डॉक्टर समजू नका, तो दोन्हींचा पूर्ण तज्ज्ञ होतो. डेट्रॉइटचे हेन्री फोर्ड रुग्णालय, बाल्टिमोरमधील मेरिलँड विद्यापीठ, मिनियापोलिसचे हेनेपिन रुग्णालय, नॉर्थ कॅरोलिनातील ईस्ट कॅरोलिना विद्यापीठ ही अशा प्रशिक्षणाची परिचित ठिकाणे. अशी केंद्रे डझनभराच्या आसपासच आहेत आणि प्रत्येक ठिकाणी वर्षाला मोजक्याच जागा असतात. आणखी एक वर्ष जोडून क्रिटिकल केअरसह, म्हणजे आयसीयूच्या विशेष प्रशिक्षणासह, सहा वर्षांचा मार्गही काही ठिकाणी आहे.

हे डॉक्टर पुढे काय करतात?

त्यांच्यापुढे साधारण चार वाटा असतात.

• इमर्जन्सी विभाग आणि वॉर्ड, दोन्हीकडे आलटून पालटून काम करणे. वॉर्डात भरती पेशंटच पाहणाऱ्या फिजिशियनला तिथे ‘हॉस्पिटलिस्ट’ म्हणतात. हा शब्द १९९६ पासून रूढ झाला.
• आयसीयूकडे वळणे. गंभीर पेशंटची पहिली मिनिटे आणि पुढचे दिवस, दोन्ही सांभाळण्याची सवय तिथे थेट उपयोगी पडते.
• निरीक्षण कक्ष चालवणे. छातीत दुखते पण झटका नक्की नाही, अशा पेशंटला काही तास किंवा एखादा दिवस देखरेखीखाली ठेवून भरती करायचे की घरी सोडायचे हे तिथे ठरते.
• शिकवणे आणि रुग्णालयाचे व्यवस्थापन. दोन्ही विभागांची भाषा येत असल्याने त्यांच्यातले वाद सोडवायला असा माणूस कामी येतो.

ऐकायला हे आदर्श वाटते. व्यवहारात अडचणी आहेत. दोन विभागांची वेळापत्रके वेगळी, प्रमुख वेगळे, पगाराची व्यवस्था वेगळी. दोन्ही मंडळांची प्रमाणपत्रे पुढेही चालू ठेवावी लागतात, त्याचा खर्च आणि अभ्यास दुप्पट. त्यामुळे दोन्ही शिकूनही कालांतराने एका बाजूला झुकणारे डॉक्टर असतात. पाच वर्षे द्यावीत की नाही, हा प्रश्न म्हणूनच तिथल्या विद्यार्थ्यांना पडतो.

आताच ही चर्चा का?

याची तीन कारणे दिसतात.

पहिले कारण, इमर्जन्सी मेडिसिनकडे विद्यार्थ्यांची पाठ फिरणे. अमेरिकेत निवासी डॉक्टरांच्या जागा ‘मॅच’ नावाच्या देशव्यापी प्रक्रियेतून भरतात आणि निकाल मार्च महिन्यात लागतो. २०२३ च्या मॅचमध्ये इमर्जन्सी मेडिसिनच्या सुमारे ३,००० जागांपैकी ५५० हून अधिक रिकाम्या राहिल्या. एके काळी चुरशीने भरणाऱ्या शाखेसाठी हा मोठा धक्का होता. कोविडमधला थकवा, कॅज्युअल्टीतली गर्दी, डॉक्टरांवर होणारे हल्ले, रुग्णालयांचे कंपनीकरण अशी कारणे दिली गेली. शिवाय २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २०३० पर्यंत या शाखेचे डॉक्टर गरजेपेक्षा हजारोंनी जास्त होतील असा अंदाज होता, तोही विद्यार्थ्यांच्या मनात होता. २०२४ मध्ये रिकाम्या जागा बऱ्याच कमी झाल्या, पण ‘फक्त इमर्जन्सी शिकून पुढची तीस वर्षे रात्रपाळ्या करता येतील का’ हा प्रश्न राहिला. दोन शाखा येत असतील तर वयाच्या पन्नाशीत रात्रपाळ्या कमी करून वॉर्डाचे किंवा ओपीडीचे काम घेता येते. संयुक्त प्रशिक्षणाचे हे एक मोठे आकर्षण आहे.

दुसरे कारण, प्रशिक्षणाची मुदत. अमेरिकेतील निवासी प्रशिक्षणाचे नियमन करणाऱ्या संस्थेने २०२५ मध्ये इमर्जन्सी मेडिसिनचे सर्वच प्रशिक्षण चार वर्षांचे करावे असा प्रस्ताव मांडला. त्यावर जोरदार वाद झाला. एक शाखा शिकायला चार वर्षे लागणार असतील, तर एक वर्ष वाढवून दोन शाखा घेण्याचा विचार अनेकांना जवळचा वाटू शकतो.

तिसरे कारण पेशंटच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचे, ते म्हणजे ‘बोर्डिंग’. भरती करायचे ठरले, पण वर खाट रिकामी नाही, म्हणून पेशंट तासन् तास इमर्जन्सी विभागाच्या बोळात स्ट्रेचरवर पडून राहतो. हा प्रकार अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये नेहमीचा झाला आहे. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांच्या आकडेवारीवर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, कॅज्युअल्टीत पोहोचल्यापासून वॉर्डात खाट मिळायला सहा ते आठ तासांपेक्षा जास्त उशीर झाला, तर अशा दर ८२ पेशंटमागे पुढच्या तीस दिवसांत एक जादा मृत्यू होतो.

या ताटकळणाऱ्या पेशंटची जबाबदारी कोणाची? इमर्जन्सी डॉक्टर म्हणतो, मी भरती केले. वॉर्डाचा डॉक्टर म्हणतो, पेशंट अजून माझ्याकडे आला नाही. या मधल्या काळात इन्सुलिनची वेळ टळते, नेहमीच्या गोळ्या राहून जातात, लघवी किती झाली ते कोणी लिहीत नाही. दोन्ही शाखा शिकलेला डॉक्टर इथे खरा उपयोगी ठरतो. त्याला स्ट्रेचरवरच वॉर्डाचे उपचार सुरू करता येतात.

मग हाच उपाय आहे का?

माझे मत असे की हा उपयोगी पण अपुरा उपाय आहे. खाटा आणि नर्स कमी असतील तर दोन शाखांचा तज्ज्ञही खाट निर्माण करू शकत नाही. वर्षाला काही डझन डॉक्टर तयार करून अमेरिकेसारख्या देशाची व्यवस्था बदलत नाही. ब्रिटनने वेगळी वाट धरली. तिथे ‘अक्यूट मेडिसिन’ ही शाखा आहे. कॅज्युअल्टीतून आलेल्या मेडिसिनच्या पेशंटचे पहिले दोन-तीन दिवस एका खास वॉर्डात तिचे डॉक्टर पाहतात. म्हणजे एकाच माणसाला दोन शाखा शिकवण्याऐवजी दोन शाखांच्या मधल्या जागेसाठी नवीन डॉक्टर आणि नवीन वॉर्ड उभा केला. तरीही तिथे गर्दी हटली नाही.

दोन्ही देशांकडून घेण्यासारखा धडा मात्र एकच आहे. पेशंट एका हातातून दुसऱ्या हातात जाण्याचा क्षण धोक्याचा असतो आणि त्या क्षणाची जबाबदारी कोणावर तरी नावानिशी असायला हवी.

आपल्याकडे काय आहे?

भारतात इमर्जन्सी मेडिसिनच्या एमडीला २००९ मध्ये मान्यता मिळाली. एमडी मेडिसिनप्रमाणे तीही तीन वर्षांची पदवी आहे. दोन्हींचा संयुक्त पाच वर्षांचा अभ्यासक्रम आपल्याकडे नाही. मोठ्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांत आता इमर्जन्सीचे एमडी किंवा डीएनबी डॉक्टर दिसतात. तालुक्याच्या गावी आणि लहान नर्सिंग होममध्ये मात्र रात्री आरएमओ असतात आणि त्यांची पात्रता ठिकाणागणिक वेगळी असते.

धोरणही एका दिशेने गेलेले नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या आधीच्या निकषांत वैद्यकीय महाविद्यालयांसाठी इमर्जन्सी मेडिसिन हा विभाग आवश्यक धरला होता. २०२३ च्या नव्या निकषांत अनिवार्य विभागांच्या यादीतून तो वगळला गेला. या शाखेच्या डॉक्टरांनी त्यावर नाराजी व्यक्त केली. विद्यार्थ्याने एमबीबीएसच्या काळात ज्या विभागात कामच केले नाही, त्या विषयाकडे तो पुढे कसा वळणार, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे.

जमेच्या बाजूही आहेत. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. तातडीच्या पेशंटला प्राथमिक उपचार नाकारता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट केले आहे. रस्ते अपघातातील जखमींसाठी केंद्र सरकारने २०२५ मध्ये लागू केलेल्या योजनेत पहिल्या सात दिवसांसाठी दीड लाख रुपयांपर्यंत रोकडविरहित उपचारांची तरतूद आहे.

मुलगा-मुलगी या वाटेने जाणार असेल तर

अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या मुलांचे आईवडील या प्रशिक्षणाबद्दल विचारतात. त्यांनी पुढील गोष्टी लक्षात घ्याव्यात.

• परदेशी पदवीधरांना तिथे इंटर्नल मेडिसिनमध्ये बऱ्याच जागा मिळतात. इमर्जन्सीत त्या मानाने कमी. संयुक्त प्रशिक्षणाच्या जागा मुळातच थोड्या, म्हणून फक्त त्यावर विसंबून अर्ज करू नये.
• इमर्जन्सीच्या अर्जाला तिथल्याच इमर्जन्सी विभागात काम करून मिळवलेली ठरावीक नमुन्यातली शिफारसपत्रे लागतात. भारतात राहून ती मिळवणे अवघड असते. नियोजन आधीपासून हवे.
• व्हिसाचा विचार करा. निवासी डॉक्टरांसाठीच्या जे-वन व्हिसाची कमाल मुदत साधारण सात वर्षे असते. पाच वर्षांचे प्रशिक्षण त्यात बसते, पण पुढे लांबलचक विशेष प्रशिक्षण घ्यायचे असेल तर हिशेब करावा लागतो. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाल्यापासून त्या वाटेची अनिश्चितता वाढली आहे.
• सगळ्यात आधी मुलाला विचारा, ‘तुला दोन्ही कामे खरोखर आवडतात का?’ कुठली एक निवडावी ते कळत नाही म्हणून दोन्ही घेणे, हे पाच वर्षे टिकणारे कारण नाही. आठवड्याला सरासरी ऐंशी तासांपर्यंत काम असते आणि सोबतचे मित्र दोन वर्षे आधी प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडतात.

पेशंट आणि नातेवाईक म्हणून तुम्ही काय करू शकता?

दोन्ही शाखांचा डॉक्टर तुमच्या वाट्याला येईलच असे नाही. पण त्या दोघांमधल्या जागेत माहिती गळू न देणे बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे.

१. घरातल्या प्रत्येक वयस्कर व्यक्तीच्या औषधांचा एक कागद तयार ठेवा. गोळीचे नाव, मिलिग्रॅम, वेळ लिहा. दुकानातून स्वतः आणलेल्या वेदनाशामक गोळ्या, काढे, आयुर्वेदिक चूर्णे हेही लिहा. कशाची अ‍ॅलर्जी असेल तर ती वर ठळक लिहा.

२. मागचा ईसीजी, मागचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट आणि शेवटचे डिस्चार्ज कार्ड यांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. नवा ईसीजी जुन्याशी ताडून पाहता आला तर डॉक्टरचा निर्णय लवकर होतो.

३. कॅज्युअल्टीत शांतपणे तीन गोष्टी विचारा. ‘सध्या पेशंट कोणत्या डॉक्टरांच्या नावावर आहे?’ ‘तुम्हाला कशाची शंका आहे आणि कोणता धोका नाही असे दिसते आहे?’ ‘पुढचे डॉक्टर साधारण किती वाजता बघतील?’

४. वॉर्डात गेल्यावर नव्या डॉक्टरांना औषधांचा तोच कागद पुन्हा दाखवा. ‘खाली सगळे सांगितले आहे’ असे म्हणून थांबू नका. इन्सुलिन, आकडीच्या गोळ्या आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू ठेवायची की थांबवायची, हे स्पष्ट विचारून घ्या.

५. कॅज्युअल्टीतूनच घरी सोडले, तर ‘कोणती लक्षणे दिसल्यास लगेच परत यायचे?’ हे लिहून घ्या. दोन-तीन दिवसांत फॅमिली डॉक्टरला कागद दाखवा.

६. छातीत दाब, चेहरा वाकडा होणे, हातपाय लुळे पडणे, बोलताना अडखळणे, बसल्या जागी दम लागणे, शुद्ध हरपणे यांपैकी काही झाले तर कोणता डॉक्टर चांगला याची चौकशी करत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळचे सोयीचे रुग्णालय गाठा.

मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आजी-आजोबांसाठी थोडे वेगळे सांगतो. तिथे १९८६ च्या कायद्यानुसार इमर्जन्सी विभागाला पैशांची किंवा विम्याची अट न घालता पेशंटची तपासणी करून त्याला स्थिर करावे लागते. पण याचा अर्थ उपचार फुकट असा नाही, बिल नंतर येते आणि मोठे असते. प्रवासाचा विमा घेताना आधीपासून असलेले आजार त्यात धरले आहेत का, हे नीट वाचा. सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयांनी इंग्रजी न समजणाऱ्या पेशंटला मोफत दुभाषी द्यायचा असतो. मराठी दुभाषी फोनवर मिळू शकतो, तो मागा. नातवाला दुभाषी करू नका. छातीत नेमके कसे दुखते आणि लघवीला काय त्रास होतो, हे आजी नातवासमोर मोकळेपणाने सांगणार नाहीत. तिथेही भरती ठरल्यावर खाट मिळेपर्यंत बराच वेळ थांबावे लागू शकते. त्या वेळात नेहमीच्या गोळ्यांची आठवण नर्सला तुम्हीच करून द्या.

अमेरिकेतला पाच वर्षांचा अभ्यासक्रम उद्या आपल्या जिल्हा रुग्णालयात येणार नाही. पण कॅज्युअल्टीतून वॉर्डात पेशंट पाठवताना दोन डॉक्टरांनी एकमेकांशी दोन मिनिटे बोलावे आणि ते कागदावर उतरावे, याला नवीन पदवी लागत नाही. तुमच्या जवळच्या रुग्णालयात तसे होते का, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तोपर्यंत घरातल्या मोठ्यांच्या औषधांचा कागद आजच लिहून फ्रीजच्या दारावर लावा, आणि त्याचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असू द्या.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या औषधांत कोणताही बदल तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा.)